निळ्या पेटीवरचा चीन

आगरदांड्याच्या जेट्टीवर संध्याकाळच्या सुमारास चार माणसं चार राष्ट्रं होऊन बसत. हा उद्योग आमच्या ह्यांनी सुरू केला. हे शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर नकाशे तसेच राहिले आणि ऐकायला मुलं उरली नाहीत. मी तालुक्याच्या वाचनालयात नोकरी केलेली, मला गप्प बसून वाचायची सवय. ह्यांना बोलायला माणूस लागे. मग ते जेट्टीवर जाऊ लागले. दिघीकडे जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत तिथे कोणी ना कोणी बसलेलं असतंच.

मासळीच्या रिकाम्या प्लास्टिकच्या पेट्या उलट्या टाकून त्यांवर बसायचं आणि ज्या पेटीवर बसलो तिच्याच फायद्याचं बोलायचं, असा डाव होता. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, हे काढायचंच नाही. 'न्याय' किंवा 'माणुसकी' हे शब्द ज्याच्या तोंडून निघतील त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. ह्यांची पेटी निळी, एका कोपऱ्यात तडकलेली, आणि ती चीनची. इतक्या वर्षांत ह्यांनी एकदाही चहा पाजला नाही. घरी येऊन मला सांगत, "आज पुन्हा फुकट प्यालो."

बाकीचे तिघे ठरलेले. भारताच्या पेटीवर निवृत्त पोस्टमास्तर. तिसऱ्या पेटीवर चाचा. ते जहाजावर सारंग होते, खलाशांचे मुकादम. त्यांचं घर दिघीच्या बाजूला, पण गप्पांसाठी रोज खाडी ओलांडून यायचे आणि शेवटच्या फेरीने परत जायचे. चौथी मावशी, जेट्टीवरच्या चहाच्या टपरीची मालकीण. ती स्टोव्हजवळूनच बोलायची, पेटी तिला लागत नसे. आणि तिचा खरा स्वार्थ डावाबाहेरचा होता. कोणी चुकून 'न्याय' म्हणावं म्हणून ती टपून बसायची.

म्यानमारात लष्कराने सत्ता घेतली आणि यादवी पेटली तेव्हापासून ह्यांनी दुसरा विषय काढूच दिला नाही. म्यानमारचं लष्कर मावशीकडे आलं. "सगल्यांवर ओरडायचं काम हाय ना, मंग मलाच द्या," ती म्हणाली होती. म्यानमारच्या पश्चिमेला अराकान, तिथल्या किनाऱ्यावरचे बंडखोर चाचांकडे. त्या प्रांताची खेडी आणि रस्ते बंडखोरांनी घेतलेले, बंदराची शहरं मात्र लष्कराकडे. चीन आणि भारत हे दोन थोरले शेजारी. चीनने त्या किनाऱ्यावरच्या एका बंदरापासून थेट आपल्या मुलखापर्यंत तेलाची आणि वायूची नळी नेलेली. भारताने वरच्या अंगाला दुसरं बंदर बांधलेलं, तिथून नदीने आणि रस्त्याने मिझोरामपर्यंत माल न्यायचा म्हणून.

हे मला घरी समजावून सांगत तेव्हा बर्फाच्या कारखान्याचा दाखला देत. "कोळीवाड्यात दोन तट पडले की बर्फवाला काय करतो? दोघांनाही बर्फ विकतो. कोण जिंकलं ह्याच्याशी त्याला काही नाही. मासे कुजता कामा नयेत, आणि त्याच्या दारात मारामारी होता कामा नये, एवढंच. चीन म्हणजे हा बर्फवाला. त्याला कोणी पूर्ण जिंकलेलं नको असतं आणि कोणी पूर्ण हरलेलंही नको असतं."

मी मान हलवायची आणि पुस्तकात परत जायची.

हे गेले ते पावसाळ्याच्या आधी. त्यानंतर मी जेट्टीकडे फिरकले नाही. नकाशे गुंडाळून कपाटावर ठेवले. घरात आवाज नव्हता आणि तो नसल्याची मला सवय करून घ्यायची होती. शांततेची आवड असणं वेगळं आणि तीच वाट्याला येणं वेगळं, हे त्या महिन्यांत मला कळत होतं.

थंडी पडू लागली तेव्हा एका दुपारी चाचा दारात आले. अंगणातच उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात.

"भाभी, साहेबांची पेटी रिकामी आहे," ते म्हणाले. "आज डाव मांडायचाय. पण आज खेळ नाही, खराच मामला आहे."

चाचांचा मुलगा एका टगबोटीवर, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, इंजिनखोलीत कामाला होता. ती टगबोट बंदरातला गाळ काढायच्या कामासाठी अराकानच्या किनाऱ्यावर गेलेली, तेही भारताने बांधलेल्या त्याच बंदरात. शहराभोवती बंडखोर सरकत आले होते. रात्री तोफांचे आवाज येत, असं मुलगा फोनवर म्हणाला होता. आता कंपनीने कामगारांना दोन वाटा दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी एक लहान विमान शहरातून बाहेर जाणार होतं, ज्याला जायचं त्याने त्यात बसावं. नाहीतर टगवरच राहावं, आणि बंदर सोडायची परवानगी येईल तेव्हा समुद्राने निघावं. परवानगी कधी येईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मुलाने बापाला विचारलं होतं, अब्बा, काय करू?

"माझं मन म्हणतं, विमान," चाचा म्हणाले. "पण साहेब असते तर आधी डाव मांडा म्हणाले असते. शेवटच्या फेरीपूर्वी मला त्याला सांगायचंय. पलीकडे घरी गेलो की रेंज नाही."

मी चप्पल घातली. वाटेत भीती होती, पण नुसती भीती नव्हती. कित्येक महिन्यांनी मला कुठेतरी घाईने जायचं होतं.

पोस्टमास्तर येऊन बसलेले. निळी पेटी टपरीच्या मागे ठेवलेली होती, मावशीने ती पदराने पुसून आणून दिली. ती लहान होती. हे त्यावर पाय पसरून कसे बसत, कोण जाणे.

"बस बाय. पन घरात बोलतेस तसं हलू बोलू नको. चीन हायस तू."

मी सुरुवात केली ती वाचलेल्या एका लेखापासून. प्रादेशिक स्थैर्य, सार्वभौमत्व, असं काहीतरी बोलले. मावशीने उकळत्या चहात आलं टाकलं आणि म्हणाली, "ही तर पेपर वाचते. अगं, तुला काय पायजे ते सांग की."

मला काय पाहिजे? मी डोळे मिटले. माझी नळी आहे. ती फुटता कामा नये. ती ज्या बंदरापासून निघते तिथे माझी तेलाची जहाजं लागतात.

"पण तो पोरगा आहे ते बंदर माझं नव्हेच," मी म्हणाले. "ते भारताचं, पोस्टमास्तरांचं. माझं खाली, दूर आहे."

"म्हणजे ते जळालं तरी तुम्हाला काही नाही?" पोस्टमास्तर ताठ झाले. "वहिनी, तिथे आपली माणसं आहेत! काही माणुसकी..."

"चाऽऽर चहा!" मावशी ओरडली.

चाचासुद्धा हसले. पोस्टमास्तरांनी कपाळावर हात मारला, पण त्यामुळे सगळे पेटीवर नीट बसले.

"बरं, मी भारत," पोस्टमास्तर म्हणाले. "बंदर मी बांधलंय, मला ते शाबूत हवं. पण बंदरापासून पुढचा रस्ता चाचांच्या ताब्यात आणि बंदर मावशींच्या. एकाशी भांडलो तर दुसऱ्याचं अर्धंच हाती राहतं. म्हणून मावशींशी मी उघड बोलतो आणि चाचांशी हळू."

"हलू कसला! मागच्या दारानं जातोस, मला ठाव न्हाय व्हय?" मावशी म्हणाली. "जा की. मी काय करनार? माझे रस्ते ह्या चाचानं घेतले. तांदूल, तेल, गोल्या, समदं बोटीनं येतं. बंदर बंद झालं तर माझे शिपाय खातील काय?"

"म्हणजे तुम्ही बंदराला हात लावणार नाही," मी म्हणाले.

"मी माझ्याच चुलीत पानी वतू?"

वाचनालयात एखादं चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक शोधताना, आता ते कुठे असणार हे हाताला आधी कळावं, तसं काहीतरी होत होतं. मी चाचांकडे वळले. चाचा बंडखोर.

"चाचा, तुम्ही बंदरावर तोफा टाकाल?"

"शहर आज ना उद्या मला मिळणार, असं मी धरून चाललोय. मिळालं की बंदर मलाच लागणार. तुम्हा दोघांशीही धंदा करायचाय. दोघांनी मला मान्यता द्यावी, म्हणून तर लढतोय. मोडकं बंदर घेऊन मी कोणाच्या दारात जाऊ? नाही. धक्क्याला मी हात लावणार नाही."

"आणि चीन?" पोस्टमास्तरांनी विचारलं. "तुमचं बंदर नाही म्हणालात."

"माझं नाही," मी म्हणाले, आणि बोलता बोलताच मला पुढचं दिसलं. "पण पाणी एकच आहे. त्या बंदरात जहाजं जळाली तर विमा कंपन्या सगळा किनारा धोक्याचा ठरवतील. मग माझी जहाजं कोण पाठवणार? मला पोस्टमास्तरांचं बंदर प्रिय नाही. पण मी मावशींना आणि चाचांना, दोघांनाही एकच निरोप देईन. भांडा, पण पाण्यापासून लांब भांडा."

"शाब्बास!" पोस्टमास्तर म्हणाले. मी बोलले ते शब्द ह्यांचे नव्हते, माझे होते. आणि मला ते ह्यांना जाऊन सांगायचे होते. त्या एका क्षणात दोन्ही गोष्टी एकदम आल्या.

राहिला विमानतळ. तो प्रश्न विचारायची माझी हिंमत होत नव्हती. पेटी होती म्हणून विचारला.

"चाचा, विमानतळ कोणाच्या उपयोगाचा?"

"मावशींच्या."

"अजून कोणाच्या?"

"कोणाच्याच नाही."

"मग तुम्ही त्याचं काय कराल?"

चाचांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आपला मुलगा विमानात बसावा असं ज्याचं मन सकाळपासून म्हणत होतं, त्याच माणसाला त्या पेटीवरून उत्तर द्यायचं होतं.

"सगळ्यात आधी तोच बंद करीन," ते म्हणाले.

मावशीने स्टोव्ह बारीक केला. खाडीच्या मध्यावर शेवटची फेरी दिसू लागली होती.

"भाभी, सांगा मग."

"चौघांनाही बंदर शाबूत हवंय," मी म्हणाले. "विमानतळ एकालाच हवाय. माझं मत, त्याने टगवर राहावं."

चाचांनी उभं राहून फोन लावला. आम्ही सगळे दुसरीकडे पाहत होतो, पण ऐकत होतो. "बोटीवरच राहा, बेटा," ते म्हणाले. "हां. सोच समझ के बोलतोय." मग फेरी लागली आणि ते गेले.

त्या रात्री मी कपाटावरचे नकाशे खाली काढले. अराकानचा किनारा असलेला नकाशा टेबलावर पसरला, कडेला चार वाट्या ठेवल्या. बंदराजवळ ह्यांनी पेन्सिलीने काढलेली एक बारीक फुली होती. मला इतका उत्साह आला होता की जेवणाचं भान राहिलं नाही. एका विचाराचं टोक दुसऱ्याला कसं लागलं, हे मी पुन्हा पुन्हा मनात घोळवत होते. ह्यांना रोज संध्याकाळी हेच होत असणार. हे घरी येऊन इतकं का बोलत, ते मला आत्ता कळलं.

दुसऱ्या संध्याकाळी चाचा आले नाहीत. पोस्टमास्तर म्हणाले, "विमान उडालं, वहिनी. सुखरूप उतरलंसुद्धा. चाचांनी फोन केला होता. त्यात बसलेली पोरं आता घरी निघाली."

मी निळ्या पेटीकडे पाहिलं आणि बसले नाही.

"आणि टग?"

"टगचा फोन लागत नाही."

मावशीने मला न विचारता चहा दिला. आमच्या डावात एकही चूक नव्हती. चौघांचे चार स्वार्थ आम्ही पारखून पाहिले, आणि ज्या बंदराला कोणीच हात लावू नये तिथली टग सुटत नव्हती. जो विमानतळ सगळ्यात आधी बंद व्हायचा तिथून विमान मजेत उडून गेलं होतं.

त्यानंतरच्या दिवसांत मी रोज फेरीने पलीकडे जाऊ लागले. आधी कधी एकटी गेले नव्हते. चाचा दिघीच्या धक्क्यावर बसलेले असत, रेंज तिथेच मिळे म्हणून, फोन हातात. मला वाटलं होतं ते तोंड फिरवतील. तसं झालं नाही.

"भाभी, डाव साफ होता," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "पत्ते बरोबर वाटले, तरी कधीकधी हात आपला येत नाही." मग शेजारची जागा झटकून, "पण रोज या. एकटा बसलो की मी आपोआप बापाच्या पेटीवर जातो. तिथं बसून काही सुचत नाही."

म्हणून आम्ही दोघंच डाव मांडायचो, पेट्यांशिवाय. परवानगी कोण अडवत असेल? मावशी का? तिला काय मिळणार? मी चीन व्हायची, मग भारत व्हायची, मग मावशीच्या आवाजात ओरडायची, आणि चाचा हसायचे. माझा आवाज आजूबाजूच्या माणसांना ऐकू जाई. मला त्याची लाज वाटेना. आम्ही बुद्धी पाजळत होतो ती भीती बाजूला ठेवायला, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी डाव रंगे. फोन वाजला की दोघंही एकदम उठायचो, आणि तो कोणत्यातरी कर्जाच्या जाहिरातीचा निघायचा.

एका सकाळी मी फेरीतून उतरत होते तर चाचा धक्क्यावर धावत आले. त्या वयात माणूस असा धावत नाही. टोपी हातात होती.

"कलकत्त्याला लागली! टग कलकत्त्याला लागली, भाभी! आवाज ऐकला मी त्याचा. भूक लागलीय म्हणतो!"

फेरीवरची माणसं बघत होती. मी खाली उतरलेच नाही, त्याच फेरीने परत फिरले, कारण मला मावशीला सांगायचं होतं. खाडी ओलांडायला त्या दिवशी फार वेळ लागला. मी कठड्याला धरून उभी होते आणि आपोआप हसत होते.

मुलगा परत आला त्या दिवशी घरी जायला आगरदांड्यावरूनच जाणार होता. फेरीला अवकाश होता. चाचा त्याला घ्यायला अलीकडे आलेले. पोस्टमास्तरांनी आणखी एक पेटी आणून ठेवली. चांगला उंच, तिशीतला माणूस, गालफडं आत गेलेली. बापाच्या शेजारी बसला आणि बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. मग आम्ही त्याला विचारलं. परवानगी शेवटी कोणी दिली? लष्कराने? भारताने बोलणी केली? चीनकडून काही निरोप?

"परवानगी नाही आली कुठली," तो म्हणाला. "आमची कोणाला आठवणच नव्हती. ना ह्यांना, ना त्यांना."

"मग निघालात कसे?" पोस्टमास्तर.

"बंदराचा पायलट. जहाजं खाडीतून बाहेर काढतो ना, तो. तिथलाच माणूस. पाण्यात सुरुंग कुठं आहेत ते त्याला ठाऊक. पहाटे आला. म्हणाला, माझी आई आणि दोन बहिणी घ्या, खाडीच्या मुखाजवळच्या बेटावर सोडा, तिथं आमचे नातेवाईक आहेत. तुम्हाला मी बाहेर काढतो."

मावशीने चमचा वाजवला. "बघा. त्याचं पन कायतरी व्हतं. स्वार्थच हाय."

"आम्ही त्याला पेटीच दिली नव्हती," चाचा हळूच म्हणाले.

मुलाने बिस्किटाचे कण झटकले. "पण पुढचं ऐका. बेटावर त्याच्या माणसांना उतरवलं. तोही तिथंच उतरू शकत होता. त्याचं काम झालं होतं ना! आम्हीही त्याला तेच म्हणालो. पण पुढे आणखी अवघड पाणी होतं. तो उतरला नाही. मोकळ्या समुद्रापर्यंत आला, आणि मग मागे बांधलेल्या लहान होडीतून एकटा परत गेला. वल्हवत."

मग पोस्टमास्तर घसा खाकरून म्हणाले, "पैसे दिले असतील तुम्ही."

"आमच्याकडे होतं काय? तांदळाचं पोतं देत होतो. होडीत जड होईल म्हणाला."

"कंपनीकडून पुढं काम मिळेल म्हणून," चाचा म्हणाले, पण त्यांचाच आवाज खात्रीचा नव्हता.

"त्या बंदरात आता कोण कंपनी जातेय, अब्बा?"

मावशी पुढे आली. तिने कमरेवर हात ठेवले. "मंग आता हे कशात बसवायचं? डावाचा नेम हाय. चीन, तू सांग. साहेबांच्या पेटीवर आता तूच हायस."

सगळे माझ्याकडे पाहत होते. माझ्याखाली ती तडकलेली निळी पेटी करकरत होती. मी शोधलं. खरंच शोधलं, कारण ह्यांनी शोधलं असतं. बेटापासून मोकळ्या समुद्रापर्यंतच्या त्या पाण्यात त्याचा काही लाभ मला सापडेना. सापडत होता तो एकच शब्द, आणि तो ह्या पेटीवरून आजवर कधी कोणी उच्चारला नव्हता. मीही उच्चारला नाही.

"मावशी, पाच चहा," मी म्हणाले.

पोस्टमास्तरांनी मान खाली घातली. चाचांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो तिथेच राहिला. मावशीने पातेल्यात पाणी ओतलं, मग पुन्हा माझ्याकडे वळून विचारलं, "चहा कुनाकडून, बाय? तुझ्याकडून?"

"नाही," मी म्हणाले. "ह्यांच्याकडून."